ओढणारी गाडी, ओढले जाणारे घर: विजेच्या युगात कॅरव्हॅन कशी बदलेल?

सिंगापूरच्या जुरोंग भागात नोव्हेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई समूहाचे सात मजली केंद्र सुरू झाले. बुकित तिमा येथील फोर्डचा कारखाना १९८० मध्ये बंद झाल्यानंतर या बेटावर मोटारी तयार होण्याचा उद्योग जवळजवळ संपुष्टात आला होता, तो या केंद्राने पुन्हा सुरू केला. तेथे सरकत्या पट्ट्याऐवजी छोट्या छोट्या कक्षांत यंत्रमानवांच्या साहाय्याने ‘आयोनिक ५’ ही विजेवर चालणारी मोटार जोडली जाते आणि तिची चाचणी इमारतीच्या गच्चीवरील धावपट्टीवर घेतली जाते. याच मोटारीच्या यूरोपात विकल्या जाणाऱ्या काही आवृत्त्यांना १,६०० किलो वजनाची, स्वतःचे ब्रेक असलेली कॅरव्हॅन ओढण्याची मान्यता आहे. सिंगापुरात मात्र तिच्या मागे कॅरव्हॅन जोडून सुट्टीला निघालेले कुटुंब दिसत नाही.

तरीही हा विषय सिंगापूरच्या मराठी वाचकाला परका नाही. शाळांच्या जूनमधील किंवा वर्षअखेरच्या सुट्टीत ऑस्ट्रेलिया अथवा न्यूझीलंडमध्ये फिरते घर भाड्याने घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. काही कुटुंबे पुढे त्याच देशांत स्थायिक होतात आणि स्वतःची कॅरव्हॅन घेऊ पाहतात. पुढची मोटार विजेवरची असणार हे आता जवळजवळ ठरल्यासारखे आहे. ती मोटार घर ओढू शकेल का, किती अंतर ओढेल आणि ते ओढणे सुरक्षित असेल का, हे प्रश्न त्यामुळे पैशांचे आहेत आणि जिवाचेही आहेत.

दोन प्रकार, दोन वाटा

फिरत्या घराचे मुख्य प्रकार दोन. ज्यात इंजिन आणि घर एकाच सांगाड्यावर असते ते मोटरहोम. आपल्याकडे त्यालाही सर्रास कॅरव्हॅन म्हणतात. ज्याला स्वतःचे इंजिन नसते आणि जे दुसऱ्या मोटारीमागे जोडून न्यावे लागते ती ओढायची कॅरव्हॅन. मुक्कामाला पोहोचल्यावर ती सोडून ठेवता येते आणि मोटार गावात फिरायला मोकळी राहते, हा तिचा मोठा फायदा. प्रस्तुत लेख प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकाराविषयी आहे.

हौसेखातर बांधलेल्या कॅरव्हॅनचा इतिहास ब्रिटनमध्ये सुरू होतो. डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ‘वाँडरर’ नावाची घोड्यांनी ओढायची गाडी खास प्रवासासाठी बांधून घेतली. मोटारीमागे जोडायच्या कॅरव्हॅनचे उत्पादन १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने सुरू केले. अमेरिकेत १९३६ मध्ये एअरस्ट्रीम कंपनीची ‘क्लिपर’ आली आणि विमानासारखे गोलाईदार ॲल्युमिनियमचे शरीर लोकांच्या परिचयाचे झाले. त्यानंतरची अनेक दशके ओढणारी गाडी अधिक ताकदवान होत गेली आणि मागचे घर अधिक मोठे व अधिक जड होत गेले. डिझेल इंजिनाने हा भार निमूटपणे वाहिला. आता ते इंजिनच मागे पडत असल्याने घराच्या रचनेचा नव्याने विचार करावा लागत आहे.

सिंगापूरने आधी ठरवलेली दिशा

सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या या देशात मोटार बाळगण्यासाठी १९९० पासून हक्कप्रमाणपत्र लागते. ते दहा वर्षांसाठी असते आणि लिलावातून मिळते. अलीकडच्या वर्षांत मोटारीसाठीची त्याची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या पलीकडेही गेली आहे. वर्षातून चार आठवडे लागणारे घर रस्त्याकडेला उभे करून ठेवायला येथे जागा नाही. तंबू ठोकून राहण्याची मुभाही ईस्ट कोस्ट, पासिर रिस अशा ठरावीक उद्यानांत, परवाना घेऊनच मिळते.

इंधनाबाबतचे सिंगापूरचे निर्णय मात्र साऱ्या जगाच्या प्रवाहाची चुणूक दाखवतात. १ जानेवारी २०२५ पासून येथे नव्या डिझेल मोटारी व टॅक्सी यांची नोंदणी बंद झाली. २०३० पासून नोंदल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारी स्वच्छ ऊर्जेवरच्या असाव्यात, त्याच वर्षापर्यंत ६०,००० चार्जिंग जागा तयार व्हाव्यात आणि २०४० पर्यंत पेट्रोल-डिझेलची वाहने पूर्णपणे संपावीत, असे सरकारचे लक्ष्य आहे. २०२४ मध्ये नोंदल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे एक तृतीयांश विजेवरच्या होत्या. जोहोरकडे जाताना पेट्रोलची टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असली पाहिजे, हा सिंगापूरकरांच्या अंगवळणी पडलेला नियमही विजेच्या मोटारीला गैरलागू ठरतो. टाकी भरलेली असण्यापेक्षा पुढचा चार्जर कोठे आहे, हा प्रश्न तिच्यासाठी महत्त्वाचा. मागे कॅरव्हॅन असेल तर तो दुपटीने महत्त्वाचा.

वजनाचे गणित

कॅरव्हॅन ओढताना होणारे अनेक अपघात वजनाच्या चुकीच्या मांडणीतून होतात. बैलगाडी भरणारा शेतकरी हे तत्त्व पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. भार मागे जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे झुकून पुढची बाजू वर उचलते. भार फार पुढे झाला तर बैलांच्या मानेवर येतो. कॅरव्हॅनला हाच नियम लागू होतो. फरक इतकाच की येथे वेग ताशी ९० किलोमीटर असतो.

मोटारीच्या मागील बाजूस बसवलेल्या जोडगोळ्यावर, म्हणजे टो-बॉलवर, कॅरव्हॅनचा काही भार यावाच लागतो. ऑस्ट्रेलियात हा भार कॅरव्हॅनच्या एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के असावा असे सांगितले जाते. ब्रिटनमध्ये ५ ते ७ टक्के. तो कमी पडला तर कॅरव्हॅनचे शेपूट डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागते. मोठा ट्रक शेजारून गेला, उतार लागला किंवा चालकाने एकदम चाक वळवले की हे हेलकावे वाढत जातात आणि शेवटी मोटारीलाही आपल्याबरोबर फिरवतात.

एक साधे उदाहरण घेऊ. कॅरव्हॅन २,००० किलोची असेल तर १० टक्के हिशेबाने २०० किलो टो-बॉलवर येतात. हे २०० किलो मोटारीच्या स्वतःच्या भारवाहक क्षमतेतून वजा होतात. ती क्षमता ५०० किलो असेल तर माणसे व सामान यांच्यासाठी ३०० किलो उरतात. चौघांच्या कुटुंबाचे वजन २६० किलो धरले तर सामानाला उरतात फक्त ४० किलो. जाहिरातीतील ‘ओढण्याची क्षमता’ हा आकडा पाहून गाडी निवडणाऱ्यांची फसगत नेमकी येथे होते.

ब्रिटनमधील कॅरव्हॅन संघटना नवशिक्यांना आणखी एक सल्ला देतात: भरलेल्या कॅरव्हॅनचे वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक नसावे. हा कायदा नव्हे, शहाणपणाचा निकष आहे. विजेच्या मोटारी बॅटरीमुळे जड असतात आणि त्यांचा भार जमिनीलगत असतो. त्यामुळे या निकषावर त्या चांगल्या उतरतात. पहिल्या क्षणापासून मिळणारा जोर चढावर सुरुवात करताना उपयोगी पडतो आणि उतारावर मोटर स्वतःच वेग आवरत बॅटरीत वीज परत भरते. ओढण्याच्या ताकदीत विजेची मोटार कमी पडत नाही. तिची अडचण वेगळी आहे.

वारा, वेग आणि बॅटरी

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॅट-तास ऊर्जा असते. ७० लिटरच्या टाकीत ७०० किलोवॅट-तास. इंजिन त्यातील दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालवते, तरीही चाकांपर्यंत दोनशेहून अधिक पोहोचतात. विजेच्या मोठ्या मोटारीची बॅटरी ८० ते १०० किलोवॅट-तासांची असते. तिच्यात वाया जाणारा भाग फारच थोडा. म्हणूनच एरवी ही तूट जाणवत नाही. कॅरव्हॅन जोडली की ती उघडी पडते.

महामार्गाच्या वेगात ऊर्जेचा मुख्य शत्रू वजन नसून वारा आहे. उंच, सपाट कपाळाची कॅरव्हॅन ही वाऱ्यापुढे उभी केलेली भिंत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे ताशी १०० वरून ८० किलोमीटरवर आले की तो ३६ टक्क्यांनी कमी होतो. तरीही विजेच्या मोटारीचा पल्ला कॅरव्हॅनमुळे ढोबळमानाने निम्मा होतो, असाच अनुभव यूरोप-अमेरिकेतील चाचण्यांतून पुढे आला आहे.

याचा व्यवहारातील अर्थ पाहू. एरवी ५०० किलोमीटर जाणारी मोटार कॅरव्हॅनसह २५० किलोमीटर जाईल. वाटेत बॅटरी सहसा ८० टक्क्यांपर्यंतच भरली जाते, कारण त्यापुढे चार्जिंगचा वेग मंदावतो; आणि १० टक्के राखीव ठेवणे शहाणपणाचे. म्हणजे दोन थांब्यांमधील खरे अंतर १७५ किलोमीटर. मेलबर्न ते सिडनी हा सुमारे ८८० किलोमीटरचा प्रवास पूर्ण बॅटरीने सुरू केला तरी वाटेत चार थांबे घ्यावे लागतील. मोठ्या टाकीची डिझेल गाडी हेच अंतर एका थांब्यात तोडते. शिवाय बहुतेक चार्जर मोटारीच्या लांबीच्या खाचेत बसवलेले असतात. तेथे कॅरव्हॅन सोडून ठेवावी लागते, मोटार चार्ज करावी लागते आणि पुन्हा जोडणी करावी लागते. पेट्रोल पंपासारखे एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येणारे चार्जर वाढल्याशिवाय ही कटकट संपणार नाही.

ओढणाऱ्या गाडीच्या बाबतीत म्हणूनच बाजार सध्या दोन दिशांनी जातो आहे. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० लाइटनिंग आणि रिव्हियन आर१टी यांसारख्या विजेच्या पिकअप साडेचार-पाच टन ओढण्याच्या क्षमतेसह आल्या. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस बीवायडी कंपनीची ‘शार्क ६’ ही बॅटरी व पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली पिकअप आली. तिची क्षमता २,५०० किलो. तेथील नेहमीच्या डिझेल पिकअपची ३,५०० किलो. निदान पुढची काही वर्षे लांब पल्ल्यासाठी असा मिश्र पर्यायच व्यवहार्य ठरण्याची चिन्हे आहेत.

घरालाच मोटर बसवली तर?

तिसरा मार्ग कॅरव्हॅनच्या रचनाकारांनी शोधला आहे. जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीने ‘ई.होम कोको’ नावाची, आसावर विद्युत मोटर आणि पोटात ८० किलोवॅट-तासांची बॅटरी असलेली कॅरव्हॅन तयार केली. जुलै २०२१ मध्ये तिने औडी ई-ट्रॉनच्या मागे जर्मनीतील इस्नी येथून आल्प्स ओलांडून इटलीच्या गार्डा सरोवरापर्यंतचा ३८६ किलोमीटरचा प्रवास वाटेत चार्जिंग न करता पूर्ण केला. जोडणीवरचा ताण मोजून कॅरव्हॅन स्वतःला तेवढेच पुढे ढकलते. त्यामुळे पुढच्या मोटारीला मागचा भार फारसा जाणवत नाही. हेलकावे सुरू झाले तर डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळा जोर देऊन ती स्वतःला सावरू शकते.

एअरस्ट्रीमने जानेवारी २०२२ मध्ये ‘ई-स्ट्रीम’ हा असाच नमुना दाखवला. २०२३ मध्ये लाइटशिप आणि पेबल या दोन नव्या अमेरिकी कंपन्यांनी आपापल्या कॅरव्हॅन पुढे आणल्या. लाइटशिपच्या कॅरव्हॅनचा वरचा भाग प्रवासात खाली बसतो आणि मुक्कामावर वर उचलला जातो. वाऱ्याची भिंतच कमी करण्याचा हा उपाय आहे. पेबलची कॅरव्हॅन मोबाइलवरून हलवता येते आणि मोटारीला जोडून घेण्याचे काम बरेचसे स्वतः करते. टो-बॉल नेमका कुठे आहे हे आरशात पाहत, घरच्यांच्या हातवाऱ्यांवर विसंबून मोटार मागे घेणाऱ्याला याची किंमत सांगायला नको.

मात्र ८० किलोवॅट-तासांच्या बॅटरीचेच वजन अर्ध्या टनाच्या आसपास जाते. यूरोपात मोटारीच्या साध्या परवान्यावर ७५० किलोपेक्षा जड कॅरव्हॅन जोडली तर दोन्हींचे मिळून कमाल वजन ३,५०० किलोंपर्यंत चालते. जादा प्रशिक्षण घेतल्यास ४,२५० किलोंपर्यंत. जड मोटार आणि तिच्यामागे जड कॅरव्हॅन ही मर्यादा सहज ओलांडतात. दुसरा प्रश्न कायद्याचा. ओढली जाणारी वस्तू स्वतः जोर लावू लागली की अपघातात जबाबदारी कोणाची? ओढणाऱ्या गाडीच्या निर्मात्याची, कॅरव्हॅनच्या निर्मात्याची की चालकाची? तंत्र तयार झाले तरी त्याला रस्त्यावर आणणारे नियम आणि विमा सावकाश येतात. तिसरा प्रश्न किमतीचा. दोन बॅटऱ्यांचा खर्च एकाच कुटुंबाने करायचा, तर ही कॅरव्हॅन आधी श्रीमंतांचीच राहील.

आतले बिऱ्हाड

घराच्या भिंतीही बदलत आहेत. जुन्या कॅरव्हॅनमध्ये लाकडी चौकट आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा असे. सांध्यातून पाणी शिरले की लाकूड आतून कुजत जाई आणि ते वर्षानुवर्षे कळत नसे. आता फेसाचा गाभा आणि दोन्ही बाजूंना काचतंतूचे थर अशा एकसंध फळ्या चिकटवून भिंती उभारल्या जातात. त्या हलक्या असतात, कुजत नाहीत आणि उष्णता अडवतात.

स्वयंपाकाच्या गॅसची जागा इंडक्शन शेगडी घेत आहे. तिचे गणितही समजून घ्यावे. २,००० वॅटची शेगडी दिवसातून एक तास वापरली तर २ किलोवॅट-तास लागतात. १२ व्होल्टच्या २०० अँपिअर-तासांच्या बॅटरीत सगळे मिळून २.४ असतात. रात्रभर आठ तास वातानुकूलन चालवायचे तर, यंत्र सरासरी एक किलोवॅट घेते असे धरल्यास, आणखी ८ लागतील. छतावर ६०० वॅटचे सौरपत्रे असले आणि पाच तास चांगले ऊन मिळाले तर जास्तीत जास्त ३ मिळतात. थोडक्यात, चहा-भात-वरण सूर्यावर निभेल. उकाड्यातली झोप निभणार नाही. मोटारीतून बाहेर वीज देण्याची सोय येथे मदतीला येते. आयोनिक ५ सारखी मोटार ३.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देऊ शकते. पण ती वीज उद्याच्या प्रवासातून वजा होते, हे विसरता येत नाही.

महाराष्ट्राची वाट

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्यात फिरती वाहने आणि ती उभी करण्याची कॅरव्हॅन पार्क असे दोन्ही विषय घेतले असून ओढायच्या कॅरव्हॅनचे प्रकारही नमूद आहेत. केरळनेही त्याच वर्षी आपले ‘केराव्हॅन’ धोरण जाहीर केले. प्रत्यक्षात भारतात वाढले आहे ते मोटरहोम, तेही चालकासह भाड्याने मिळणारे. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या ट्रॅव्हलरसारख्या वाहनांवर त्यांची बांधणी होते. मोटर-कॅरव्हॅनच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक असून, असली मानके पुण्याचीच एआरएआय ही संस्था प्रसिद्ध करते.

ओढण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. गळीत हंगामात कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या रस्त्यांवर उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रांगेने दिसतात. पण त्याच दृश्यात पुढच्या अडचणीही दिसतात: ट्रॉल्यांचे अपुरे ब्रेक, रात्री न दिसणारी मागची बाजू आणि ओझ्याचा बेहिशेब. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंवरील कॅरव्हॅनला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. २,००० किलोंवर ते सर्व चाकांना लागतात आणि जोडणी तुटली तर आपोआप ब्रेक लागण्याची सोयही लागते. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. त्यावर कॅरव्हॅन धावेलही, पण घाट उतरताना तिला रोखणारी यंत्रणा व ती तपासणारी व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे.

भाड्याने किंवा विकत घेण्यापूर्वी

सिंगापूरहून जाणाऱ्याला एक सोय अशी की ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मलेशिया आणि ब्रिटन येथेही वाहने डावीकडूनच चालतात. तरी पुढील बाबी निघण्यापूर्वी पाहाव्यात.

• परवाना: ऑस्ट्रेलियात मोटारीच्या साध्या परवान्यावर ४,५०० किलो कमाल वजनापर्यंतचे वाहन चालवता येते. न्यूझीलंडमध्ये ओढणारे व ओढले जाणारे मिळून ६,००० किलो ही मर्यादा आहे.

• वेग: न्यूझीलंडमध्ये काहीही ओढताना ताशी ९० किलोमीटर ही कमाल मर्यादा. जर्मनीत साधारणतः ८०. ठरावीक अटी पूर्ण केल्यास महामार्गावर १००.

• शौचालय: मोकळ्या जागी मुक्काम करण्यासाठी स्वयंपूर्ण असल्याचे प्रमाणपत्र लागते तेथे न्यूझीलंडच्या २०२३ च्या कायद्यानुसार वाहनात पक्के बसवलेले शौचालय आवश्यक आहे. ज्येष्ठ आईवडील बरोबर असतील तर ही अट त्रासाची नसून सोयीची आहे.

• वजन: पाणी, सामान आणि माणसे भरल्यानंतर वजनकाट्यावर प्रत्यक्ष वजन करावे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. जड वस्तू आसाच्या वर आणि तळाशी ठेवाव्यात.

• हेलकावे आल्यास: चाक सरळ धरावे, पाय हळूच काढून घ्यावा आणि जोराने ब्रेक दाबू नये. वेग वाढवून कॅरव्हॅन ‘ओढून सरळ करण्याचा’ प्रयत्न घातक ठरतो.

पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाने मोटरहोम घ्यावे, ओढायची कॅरव्हॅन नव्हे. जोडणी आणि मागे घेणे हे परक्या देशात सुट्टीच्या पहिल्या दिवशी शिकण्याचे काम नाही. स्वतःची कॅरव्हॅन घेऊ पाहणाऱ्याने आधी मोटार ठरवून मग घर शोधण्याऐवजी दोन्हींचा हिशेब एकत्र मांडावा. विजेची मोटार असेल तर १,२०० ते १,५०० किलोची, कमी उंचीची, गोलाईदार कॅरव्हॅन आणि दिवसाला तीन-साडेतीनशे किलोमीटरांचा प्रवास हे जमणारे गणित आहे. अडीच टनांचे घर आणि रोजचे आठशे किलोमीटर हवे असतील, तर त्यासाठी आज तरी डिझेल किंवा मिश्र गाडीला पर्याय नाही.

आजवर घर वाढत गेले आणि गाडी त्याच्यासाठी मोठी होत गेली. यापुढे गाडीच्या बॅटरीच्या मापाने घराला आपले वजन, उंची आणि आकार बेतावा लागेल. स्वतःची मोटर असलेली कॅरव्हॅन स्वस्त होऊन सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात येईपर्यंत बिऱ्हाड हलके ठेवणे हाच सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत सुरक्षित उपाय राहील.